विधुर उंदरांचा प्रयोग

९ नोव्हेंबर

बाबांना आज माझ्याकडे आणलं. आईला जाऊन दोन आठवडे होत आले. निर्णय डेलचा. माझा भाऊ फिनिक्सला राहतो आणि तिथून त्याला इथलं सगळं फार स्पष्ट दिसतं. "त्यांना त्या घरात एकटं ठेवता येणार नाही, ट्रूडी. तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे." खोली रिकामी आहे हे खरं. तिच्यात माझे जुने कागद होते, ते तळघरात नेऊन ठेवले.

बाबांच्या गावापासून, हेलरपासून, इथवर तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका कापलेली रानं, नुसते खुंट उभे. बाबा वाटेत एकदाच बोलले. "श्मिटनं यंदा उशिरा काढला मका." सहकारी संस्थेची धान्याची कोठारं त्यांनी चाळीस वर्षं सांभाळली. कुणाचा मका कधी निघाला हे त्यांना अजून पाठ असतं.

घरी आल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. कोट काढला नाही. मी म्हटलं, "बाबा, हीटर चालू आहे." म्हणाले, "असू दे."

लॅबच्या नोंदवहीत घरचं काही लिहिता येत नाही, म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं.

१५ नोव्हेंबर

निरीक्षणं. भूक कमी. हालचाल कमी. आपणहून बोलणं जवळजवळ नाही. टीव्ही लावला तर बघतात, बंद केला तर बंद पडद्याकडे बघतात. चर्चमधल्या बायकांनी ओव्हनमध्ये भाजून दिलेल्या जेवणाचे, कॅसरोलचे, डबे फ्रीजमध्ये तसेच आहेत. टुना-शेवयांचा एक आज टाकून दिला.

हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. फक्त इतक्या मोठ्या आकारात कधी पाहिलं नव्हतं.

माझा दिवस ज्यांच्याबरोबर जातो ते माळावरचे आखूड शेपटीचे उंदीर. आम्ही त्यांना व्होल म्हणतो. एका नराची एका मादीशी जोडी जमली की ती दोघं एकाच घरट्यात, अंगाला अंग लावून राहतात, पिल्लं दोघं मिळून वाढवतात. जोडीतली मादी काढून घेतली की काही दिवसांत नर असाच होतो. मेंदूत ताणाचं संप्रेरक वाढतं आणि जवळिकीचं, ऑक्सिटोसिन, कमी पडतं. बाबांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या बाबांच्या कोटाच्या खिशात सापडल्या, पाकीट न फोडलेलं.

२६ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्कीचा तयार तुकडा आणला, क्रॅनबेरीचा डबा उघडला. दोघांनीही थोडंच खाल्लं. बाबा म्हणाले, "चांगलं झालंय." झालं नव्हतं.

माझ्या पँट्स सैल होतात. लॅबमध्ये दोन जिने रोज चढते त्याचा परिणाम असावा.

८ डिसेंबर

घरातला हीटर बंद पडला. दुरुस्तीवाला दुपारी येणार होता, बाहेर बर्फ, म्हणून बाबांना लॅबमध्ये घेऊन गेले. सेलामनं त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली. सेलाम माझी विद्यार्थिनी. आईवडील अदिस अबाबाचे, ती स्वतः शिकागोत वाढली. कुणाही म्हाताऱ्या माणसासमोर ती आपोआप सरळ उभी राहते.

बाबा पिंजऱ्यांच्या रांगेपुढे थांबले.

"हे तर आमच्या कोठारातले!"

"त्यांचेच भाऊबंद, बाबा."

"चाळीस वर्षं मी यांना विष घालत होतो, ट्रूड. आणि तुला यांना पोसायचा पगार मिळतो."

सेलाम हसली. बाबा हसले नाहीत, पण पिंजऱ्यापासून हललेही नाहीत. एका जोडीकडे बघत होते. कापसाच्या घरट्यात दोघं एकमेकांवर रेलून झोपलेले.

मग पोहण्याची चाचणी होती. काचेच्या भांड्यात कोमट पाणी, त्यात उंदीर सोडायचा. निरोगी उंदीर हातपाय मारतो, कडेला चढू बघतो. आजचा नर पाण्यात पडला आणि थोडं हलून नुसता तरंगत राहिला. नाक तेवढं वर.

"हा पोहत का नाही?" बाबांनी विचारलं.

"त्याची मादी चार दिवसांपूर्वी काढून घेतली."

"दुखतंय का त्याला?"

"तसं म्हणता येत नाही. आपण फक्त तो हलतो की नाही एवढं बघतो."

"बरं." थोड्या वेळानं, "आणि तू ते लिहून घेतेस."

"हो."

उंदराला काढून टॉवेलनं पुसून उबेला ठेवलं. येताना गाडीत त्यांनी विचारलं, पुढं त्याचं काय होतं. मी खरं ते सांगितलं. मेंदू काढून गोठवतो, पातळ काप करतो, कुठल्या भागात कुठलं संप्रेरक किती आहे ते पाहतो.

"म्हणजे बायको गेली की डोकं कापायचं," बाबा म्हणाले आणि खो खो हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मला कारण कळलं नाही, पण नोंद करून ठेवते.

२० डिसेंबर

बाबांचे प्रश्न सुरू झालेत. सकाळी पॅनकेक खाताना विचारलं, सगळेच उंदीर असे जोडीनं राहतात का.

नाही म्हटलं. डोंगरातले व्होल दिसायला हुबेहूब असेच, पण एकेकटे राहतात. नर मादीला भेटतो आणि आपल्या वाटेनं जातो. रक्तात संप्रेरकं दोघांच्याही तीच. फरक मेंदूत आहे, ती संप्रेरकं पकडणारी कुलपं कुठं बसवलीत त्याचा. माळावरच्यांच्या मेंदूत ती सुखाच्या जागी दाट असतात, म्हणून जोडीदाराचा वास आणि सुख एकत्र शिवले जातात. डोंगरातल्यांच्यात तिथं फार थोडी असतात.

"आणि तू?"

"मी डोंगरातली," मी म्हटलं. गमतीनं, पण चुकीचं नव्हे. एकटी राहते, बरी असते. माझा नवरा कर्ट सोडून गेला तेव्हाही दुसऱ्या दिवशी वर्ग घेतला होता.

बाबा सिरप ओतत म्हणाले, "तुझी आई म्हणायची, ट्रूडी दाखवत नाही."

आई असं म्हणायची हे मला माहीत नव्हतं.

१० जानेवारी

रविवारी संध्याकाळी पाचला लॅबमध्ये जायला लागले आहे. त्या वेळी पूर्वी आईचा फोन असायचा, त्यामुळे ती वेळ आता मोकळीच असते. इमारत शांत असते. बरंच काम होतं. आज खरं तर फारसं झालं नाही.

१९ जानेवारी

वाईट दिवस. डीप फ्रीझरचं दार उघडं राहिलं आणि शरद ऋतूपासूनचे सगळे नमुने वितळले. पहिल्या गटाचं काम पुन्हा करावं लागणार. नव्या जोड्या, नवी ताटातूट, सगळं.

फ्रीझर शेवटचा मी बंद केला होता असं सेलाम म्हणते. मला आठवत नाही. बिजागरी सैल झाली असणार.

"ट्रूडी, तुम्ही थोडे दिवस सुट्टी घ्याल का?" तिनं विचारलं.

"कशाची?"

ती फ्रीझरखालचं पाणी पुसायला लागली.

२१ जानेवारी

मेकॅनिक येऊन गेला. बिजागरी ठीक आहे म्हणाला. ही माणसं नीट बघत नाहीत.

४ फेब्रुवारी

बाबांसाठी काहीतरी केलं पाहिजे, असं ठरवलं. एकाकी प्राण्याला इतर प्राण्यांचा सहवास दिला तर लक्षणं थोडी कमी होतात. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी म्हाताऱ्यांचं जेवण आणि पत्ते असतात. बाबा नको नको म्हणत होते. मी त्यांना दारात सोडलं आणि गाडी वळवली, म्हणजे परतायचा प्रश्नच नको.

न्यायला गेले तर ते नव्हते. घरी आले, तर आमच्या दारात एक लाल पिकअप उभा. त्यातून बाबा उतरत होते, आणि चालवायच्या जागेवर एक रुंद खांद्यांची बाई, पांढरे केस आखूड कापलेले.

"तू ट्रूडी का? मी वॉनिटा केसलर. शाळेची बस चालवायचे, एकतीस वर्षं. हे तुझे बाबा पत्त्यात लबाडी करतात."

"लबाडी नाही, तिला मोजता येत नाही," बाबा म्हणाले.

"ऑर्विल, चाळीस पोरांची डोकी मी आरशातून मोजायचे. तुमचे पाच पत्ते मोजता येत नाहीत होय?"

बाबांचा कोट तिच्या गाडीत राहिला होता. त्यांच्या लक्षातच नव्हतं.

१८ फेब्रुवारी

प्रयोग यशस्वी. बाबा रोज दाढी करतात. गुरुवारी सकाळी तर आपणहून शर्टाला इस्त्री केली आणि कॉलर जाळली. आज राजमा-मांसाची तिखट चिली दोन वाट्या खाल्ली, बिस्किटं बुडवून. डेलला फोनवर सांगितलं, सहवासाचा उपाय लागू पडला. तो म्हणाला, "तू ग्रेट आहेस." मीही तेच म्हणत होते.

९ मार्च

बाबा आता मंगळवारीही बाहेर असतात. वॉनिटाच्या सिंकचा नळ गळतो म्हणून. शनिवारी तिच्या गॅरेजचं दार. तिच्या घरात एवढं काय काय बिघडलेलं असतं कळत नाही.

१६ मार्च

लिहून टाकते म्हणजे नीट दिसेल.

सुपरमार्केटमध्ये दोघं दिसली. मी भाजीच्या बाजूला होते, त्यांनी मला पाहिलं नाही. पावाच्या फळीपुढे उभी होती. वॉनिटा एक पाव दाबून बघत होती आणि बाबांचा हात तिच्या पाठीवर होता. कोटावर, खांद्याच्या खाली. एवढंच. मी माझी ट्रॉली तिथंच सोडून बाहेर आले. सेलरी आणि दूध राहिलं.

घरी आल्यावर त्यांना विचारलं. सरळ विचारलं, तसं विचारायला हरकत नसावी.

"हो," ते म्हणाले. "सांगणारच होतो."

मी त्यांना आकडे सांगितले. जोडीदार गेल्यावर माळावरचे बहुतेक व्होल पुन्हा जोडी जमवत नाहीत. नवी मादी जवळ आली तरी नर एकटाच राहतो, मरेपर्यंत. रानात पाहिलेलं आहे हे, कुणी मनानं रचलेलं नाही.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या उंदरांना कुणी पत्ते खेळायला बोलावलं होतं का, ट्रूड?"

"मी गंभीरपणे बोलतेय."

"मीही. पोरी, ते उंदीर आहेत. आणि मी तुझ्या आईबरोबर त्रेपन्न वर्षं राहिलो. अजून काय पुरावा हवाय तुला?"

मी वर निघून गेले. नंतर विचार केला की माझा आक्षेप नेमका कशाला होता. त्यांची तब्येत सुधारली आहे, आणि तेच मला हवं होतं.

३ एप्रिल

बाबा ऑगस्टमध्ये वॉनिटाशी लग्न करणार. हेलरचं घर विकणार. तिथं जाऊन आईचं सामान काढायला हवं, असं म्हणाले. "कपाटं मला एकट्याला उघडवत नाहीत. तू ये."

मी म्हटलं, हंगाम सुरू आहे, नव्या जोड्या लावल्यात, मला वेळ नाही.

"एक शनिवार, ट्रूड."

"वॉनिटाला न्या. तिला आवडेल, मोकळी कपाटं बघायला."

बाबा टेबलापाशी उभे होते. खाली बसले.

"हे तू बोललीस?"

"सहा महिनेही झाले नाहीत, बाबा. सहा महिने. आईची चप्पल अजून मागच्या दारात आहे."

"मला माहीत आहे कुठं आहे. मीच ठेवलीय तिथं." त्यांनी टेबलाची कड धरली. "तुला वाटतं मला ती आठवत नाही म्हणून हे चाललंय. ती आठवते म्हणूनच मी त्या खुर्चीत मेलो असतो. तुझ्या या खिडकीजवळ. तू बघत होतीस आणि लिहून घेत होतीस."

ते खरं होतं, पण त्यात चूक काय ते मला कळलं नाही.

दुपारी लाल पिकअप आला. वॉनिटा आत आली नाही. बाबांनी बॅग स्वतः उचलली.

५ एप्रिल

घरात शांतता आहे. कामाच्या दृष्टीनं चांगलं.

खिडकीजवळची खुर्ची हलवून भिंतीला लावली. तिथं ती अडते, म्हणून परत आणली.

२ मे

डेलचा फोन. "म्हातारा खूश आहे, तुझं काय बिनसलंय?" म्हटलं, काही नाही. म्हणाला, "आई असती तर तुला झापलं असतं." फोन ठेवून दिला. भिंतीकडे तोंड करून काही वेळ उभी होते. का ते माहीत नाही.

१२ मे

नव्या गटाचे निकाल सुरेख आले. मादीपासून तोडलेले नर तरंगतात. ताणाच्या संप्रेरकाचा मार्ग औषधानं अडवला की पुन्हा पोहतात. मेंदूत योग्य जागी ऑक्सिटोसिन सोडलं तरी पोहतात. आणि सख्ख्या भावापासून तोडलेले नर पहिल्यापासून पोहतच असतात. म्हणजे एकत्र राहणं एवढं पुरेसं नाही. जोडीदार गेला तरच प्राणी खचतो, बाकी नात्यांनी काही होत नाही. निबंधात मी असंच वाक्य लिहिलं.

सेलामनं मसुदा वाचला. पेन्सिल त्या वाक्यावर ठेवून म्हणाली, "हे असं लिहिता येईल का?"

"का नाही?"

"आपण नर आणि भाऊ पाहिले. आईपासून तोडलेली मुलगी पाहिलीच नाही."

"पिल्लांवर लोकांनी भरपूर काम केलंय."

"पिल्लू नाही. मोठी झालेली मुलगी. आपलं घरटं असलेली."

मी म्हटलं, मोठ्या मादीला आईची जैविक गरज उरत नाही, त्यामुळे मोजण्यासारखं काही नाही. सेलामनं मान हलवली, पण पेन्सिल उचलली नाही. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझी आजी गेली तेव्हा माझी आई साठीची होती. वर्षभर ती बसमध्ये चढायची आणि उतरायचं विसरायची."

मी तिला सांगितलं की ही एकच घटना झाली, त्यावरून निष्कर्ष निघत नाही. वाक्य मात्र खोडलं. जे पाहिलंच नाही त्याबद्दल लिहू नये, हे तिचं बरोबर आहे.

५ जून

घर विकलं गेलं. नवी माणसं महिन्याअखेरीला राहायला येणार. बाबांचा निरोप फोनवर, छोटा: "शनिवारी सामान काढतोय. तुला काही हवं असेल तर ये. नसेल तरी ये."

मला काही नको आहे. तिथं माझी शाळेची प्रमाणपत्रं असावीत, तेवढी घेऊन यायला हरकत नाही.

१२ जून

हेलरला जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

मका गुडघ्याएवढा झालाय. दारात लाल पिकअप. स्वयंपाकघरात वॉनिटा आईच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मला पाहिल्यावर हातातली बशी खाली ठेवली.

"मी कशालाही हात लावत नव्हते, तुझे बाबाच म्हणाले बशा चालतील. तू सांग, थांबू का?"

"चालू द्या."

"नाही, नीट सांग. तुझ्या आईचं घर आहे. तू म्हणालीस तर मी गाडीत जाऊन बसते, रेडिओ ऐकते. मला राग येत नाही. एकतीस वर्षं पोरं माझ्या पाठीमागे काय काय बोलली ते ऐकलंय मी."

मी म्हटलं, "गाडीत गरम होईल."

"मग मी बशा गुंडाळते," ती म्हणाली.

प्रमाणपत्रं कुठं असतील ते बाबांनाही माहीत नव्हतं. मी आईच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट उघडलं. कोट, कार्डिगन, चर्चचे दोन ड्रेस. वरच्या फळीवर खोकी. खोकं काढायला हात वर केला तसा तिचा हिरवा मफलर तोंडावर पडला.

इथं एक शास्त्रीय गोष्ट. वास इतर जाणिवांसारखा वळणं घेत जात नाही, जवळजवळ थेट मेंदूच्या जुन्या भागात पोहोचतो. व्होल जोडीदाराला वासानं ओळखतो. मेंढी आपलं कोकरू वासानं ओळखते, जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत, ऑक्सिटोसिनच्या भरात, आणि मग दुसऱ्या कुणालाही दूध देत नाही. हे मी दर वर्षी शिकवते. मफलरला आईच्या हाताच्या क्रीमचा वास होता. लॅव्हेंडर आणि थोडा कांदा.

पडले असं नाही, बसले. कपाटाच्या तळाशी, तिच्या बुटांवर. तोंडातून जो आवाज आला तो मला ओळखीचा वाटला नाही. थांबवता येईना. मी थांबवायचा प्रयत्न केला होता, हे नोंदवते.

बाबा दारात आले. काही विचारलं नाही. कोट बाजूला सारून, भिंतीला धरून, कण्हत कण्हत माझ्या शेजारी खाली बसले, अर्धे कपाटात आणि अर्धे बाहेर. माझं डोकं धरून आपल्या छातीशी ओढलं. हे त्यांनी मी लहान असताना कधी केलं होतं का ते आठवत नाही. ते पाठीवर हात फिरवत होते, उलटसुलट, मांजराला कुरवाळल्यासारखं, आणि म्हणत होते, "हं. हं. झालं. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पोरी. तूही तरंगतेयस हे."

"मी डोंगरातली," मी म्हटलं. नीट ऐकू गेलं नसेल.

"कसली डोंगरातली. तुझी आई रविवारी चारपासून फोनजवळ बसायची. तू पाचला उचलायचीस, पहिल्या घंटीला. तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं?"

मग आम्ही बसून राहिलो. उन्हं कोटांवरून सरकून पलंगावर गेली. शेवटी बाबा म्हणाले, "ट्रूड, एक अडचण आहे. मला उठता येत नाही."

मी उठायला गेले तर माझे पाय बधिर. बाबांनी हाक मारली. वॉनिटा हात पुसत आली, आम्हा दोघांना कपाटात बघून थांबली.

"हे काय? लपाछपी?"

"हसू नकोस, हात दे," बाबा म्हणाले.

तिनं आधी त्यांना काखेत धरून वर घेतलं, मग मला. भयंकर ताकद आहे. मला उभं केल्यावरही थोडा वेळ धरून ठेवलं, आणि माझ्या केसांत अडकलेला कोटाचा धागा काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा नवरा, कार्ल, गेल्यावर मी त्याचा टॉवेल तीन वर्षं धुतला नव्हता. कुणाला सांगू नकोस, घाणेरडं वाटतं."

"तीन वर्षं?"

"मग बस सुटायच्या घाईत एकदा चुकून त्यानंच तोंड पुसलं. त्यात काहीच उरलं नव्हतं. त्या दिवशी रडले मी, पहिल्यांदा."

जेवायला वॉनिटानं आणलेले डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे होते, बन्सच्या बाहेर लोंबणारे. मी दोन खाल्ले.

प्रमाणपत्रं मिळाली नाहीत. मफलर आणला.

२० जून

रविवार. लॅबमध्ये गेले नाही. बाबांना फोन केला. वॉनिटानं उचलला, म्हणून आधी तिच्याशीच बोलले. तिच्या टोमॅटोंना कीड लागली आहे.

१ जुलै

सेलामला सांगितलं, फ्रीझर मीच उघडा ठेवला असणार. ती म्हणाली, "माहीत आहे." तिनं तेव्हाच सगळ्यांना बिजागरी सैल होती असं सांगितलं होतं. मला आत्ता कळलं.

२८ ऑगस्ट

बाबांचं लग्न. वॉनिटाच्या मागच्या अंगणात, घामाघूम करणाऱ्या उन्हात, टोळांच्या किरकिरीत पाद्र्याचं निम्मं बोलणं बुडून गेलं. डेल फिनिक्सहून आला आणि सगळ्यांना खुर्च्या कुठं मांडायच्या ते सांगत फिरला. तिच्या बसमधली किती तरी पोरं आता बापे होऊन आली होती, आपापली पोरं घेऊन. त्यांच्यातला एक शेतकरी मला म्हणाला, "मिसेस केसलरनी मला एकदा बर्फात घरापर्यंत चालत सोडलं होतं. तुम्ही त्यांच्या कोण?" मी काही ठरवायच्या आधीच बाबा मागून म्हणाले, "ही आमची ट्रूडी." शेतकऱ्याला तेवढं पुरलं.

साक्षीदार म्हणून सही मी केली. बाबांनी मला विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.

जेवणं संपली. लाल जेलीचं सॅलड उन्हात वितळलं, मका मात्र एक कणीस उरलं नाही. बाबा डेलबरोबर टेबलं दुमडत होते. मी मागच्या पायरीवर बसले. वॉनिटा आली, नवरीचे बूट काढून गवतात फेकले आणि धप्पकन शेजारी बसली. सगळ्या पाहुण्यांचं तिनं स्वतः रांधलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता.

"ट्रूडी, तुझे उंदीर काय म्हणतील याला?"

"काही नाही. तेही जवळ जवळ बसतात."

"शहाणे आहेत," ती म्हणाली, आणि पुढं आणखी काहीतरी म्हणणार होती, पण म्हटलं नाही. मी पाहिलं तर तिला झोप लागली होती. डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्यावर आलं. जड आहे ती. केसांना धुराचा आणि लोण्याचा वास येत होता.

बाबा टेबल घेऊन कोपऱ्यावरून वळले, आम्हाला पाहून थांबले, आणि टेबल आवाज न करता गवतात आडवं ठेवलं.

माझा हात दंडापासून बधिर होत गेला. मी हलले नाही.